रंगीत माशांच्या टाकीतील हीटर : थंडी सुरू होण्यापूर्वी घ्यावयाची काळजी



भाताची झोडणी आटोपून पेंढा रचला की पालघर, बोईसर, डहाणू भागात पहाटेचा गारवा जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यालगत काही पहाटे पारा १६-१७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. जव्हार-मोखाड्याच्या उंचीवर तो आणखी खाली जातो. आंबा-काजूच्या मोहोराला ही थंडी मानवते. पण ज्यांनी पडवीत किंवा घरामागच्या शेडमध्ये रंगीत माशांच्या काचेच्या टाक्या मांडल्या आहेत, त्यांना याच दिवसांत हीटर बाहेर काढावे लागतात. माशांची मर म्हटली की आपण रोग, खाद्य आणि पाणी यांचा विचार करतो. प्रत्यक्षात थंडीत एका रात्रीत सगळी टाकी उलटी होते, तेव्हा पुष्कळदा दोष त्या दोनचारशे रुपयांच्या काचनळीचा असतो.

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज तयार करीत आहे. वाफ थंड करण्यासाठी ते समुद्राचे पाणी घेते आणि कोमट झालेले पाणी पुन्हा समुद्रात सोडते. मोकळ्या समुद्रातला मासा नको असलेल्या गरम पाण्यापासून बाजूला सरकू शकतो. अडीच फुटांच्या काचेच्या टाकीत त्याला सरकायला जागा नसते. तुम्ही जे तापमान द्याल ते त्याला सोसावेच लागते, कारण माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच गरम वा थंड राहते. म्हणून हीटर बिघडला तर काय होईल याचा विचार तो विकत घेतानाच करावयास हवा.

हीटर मुळात हवा का?

सर्व रंगीत माशांना हीटर लागत नाही. गोल्डफिश व कोई कार्प हे थंड पाण्यातले मासे असून आपल्याकडची थंडी त्यांना सहज मानवते. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांचे मोठे मासे २०-२२ अंशांपर्यंत तग धरतात, मात्र त्यांची वाढ व वीण मंदावते. एंजल आणि फायटर यांना २६ ते २८ अंश आणि डिस्कसला २८ ते ३० अंश तापमान हवे असते. अंडी व लहान पिल्ले असलेल्या टाकीला स्थिर तापमान अत्यावश्यक आहे. तेव्हा शेडमध्ये वीस टाक्या असतील तर वीस हीटर घेऊ नयेत. प्रजननाच्या जोड्या व पिल्ले एका बाजूला, शक्यतो भिंतीच्या आडोशाला, एकत्र ठेवावीत आणि तेवढ्याच टाक्या तापवाव्यात. जो हीटर लावलाच नाही तो बिघडत नाही.

टाकीतली ऊब टिकवली तर छोट्या हीटरवर काम भागते. टाकीखाली व मागील आणि बाजूच्या काचांना थर्माकोल लावावा, वर काच किंवा प्लायवुडचे झाकण ठेवावे आणि हवेसाठी बोटभर फट सोडावी. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला रात्री गोणपाट बांधावे. काही जण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. ते मुळीच करू नये. कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माशांच्या आधी खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

हीटर बिघडतो म्हणजे काय होते?

साध्या हीटरमध्ये काचेच्या नळीत तापणारी तार असते. तिच्यावर दोन धातूंची जोडपट्टी बसवलेली असते. पाणी थंड झाले की पट्टी सरळ होऊन टोके जुळतात व वीज वाहते. पाणी तापले की पट्टी वाकते आणि टोके सुटतात. प्रत्येक वेळी टोके जुळताना-सुटताना बारीकशी ठिणगी पडते. रात्रभरात असे कितीतरी वेळा होते आणि दोन-तीन हिवाळ्यांत टोके खडबडीत होतात. अशी टोके एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटतात. मग पाणी कितीही तापले तरी हीटर बंद होत नाही.

दुसऱ्या प्रकारात तार तुटते किंवा टोके काजळून वीजच जात नाही आणि टाकी गार पडते. या दोहोंत चिकटलेला हीटर अधिक घातक असतो. गार पडणारी टाकी हळूहळू गार पडते. मासे तळाला बसतात, पंख मिटून घेतात, खाद्य सोडतात. चारसहा दिवसांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसू लागतो, पण तोवर सावरायला वेळ मिळतो. चिकटलेला हीटर तेवढा वेळ देत नाही.

पाणी तापले की तीन गोष्टी एकदम घडतात. पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू राहू शकतो, ३५ अंशांना तो सुमारे ७ वर येतो. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. दहा अंश चढले की ती साधारण दुप्पट होते. शिवाय पाण्याचा सामू तोच असला तरी अमोनियाचा विषारी भाग दहा अंशांच्या वाढीने जवळजवळ दुप्पट होतो. गर्दीच्या टाकीत मासे गरमीने मरण्याआधी गुदमरून मरतात ते यामुळे. फायटर व गोरामी हे पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतात. त्यामुळे ते शेवटपर्यंत ठीक दिसतात. त्यांच्या दिसण्यावर विसंबू नये.

वॅटचा हिशेब

दुकानात 'मोठा घ्या, लवकर तापेल' असे सांगतात. हा सल्ला नुकसानीचा आहे. पुढील हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

१०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला २०० वॅटच्या हीटरला सुमारे ३५ मिनिटे लागतात. काही उष्णता काचेतून बाहेर जाते, म्हणून थंडीच्या रात्री प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो. समजा खोलीत १८ अंश आहे, टाकी झाकलेली आहे, पाणी २६ अंशांवर आहे आणि रात्री दहाला हीटरची टोके चिकटली. सकाळी सहाच्या सुमारास पाणी ३४ अंशांवर पोहोचलेले असेल आणि आणखी चढतच असेल. ५० लिटरच्या टाकीत कोणी ३०० वॅटचा हीटर टाकला असेल तर हेच काम जेमतेम दोन तासांत होते. तुमचा पहिला डोळा लागेपर्यंत एंजलची जोडी गेलेली असते.

आता त्याच १०० लिटरच्या झाकलेल्या टाकीत ५० वॅटचा हीटर चिकटला असे समजू. तो पाण्याला खोलीपेक्षा साधारण सहा-सात अंशांहून वर नेऊ शकत नाही, कारण तितक्या फरकावर काचेतून जाणारी उष्णता आणि हीटरची उष्णता सारखी होते. १८ अंशांच्या रात्री तो अडकला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली तापली की पारा सावकाश चढू लागेल, पण तोवर तुम्ही टाकी दोनदा पाहिलेली असेल.

यावरून आमची शिफारस अशी आहे की १०० लिटरच्या टाकीला एक मोठा हीटर न लावता ५०-५० वॅटचे दोन लावावेत आणि दोहोंची बेरीज लिटरमागे एक वॅटच्या वर जाऊ देऊ नये. दोन्ही हीटर टाकीच्या दोन टोकांना बसवावेत. एक २७ अंशांवर आणि दुसरा २६ अंशांवर लावावा. एक बंद पडला तर दुसरा टाकी पूर्ण गार पडू देत नाही. एक चिकटला तर दुसरा आपोआप बंद राहतो आणि चिकटलेल्याच्या अंगात टाकी उकडण्याइतकी ताकद नसते. दोन हीटरचा खर्च थोडा अधिक येतो खरा, पण डिस्कसच्या एका प्रजननक्षम जोडीच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

वॅटबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नळीवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टला असतात. दाब १८० व्होल्टवर आला तर १०० वॅटचा हीटर ६१ वॅटचेच काम करतो आणि २५० व्होल्टवर गेला तर ११८ वॅटचे. गावाकडच्या वाहिनीवर संध्याकाळी भार असतो तेव्हा दाब पडतो आणि मध्यरात्रीनंतर भार उतरला की दाब चढतो. म्हणजे तुम्ही झोपलेले असताना हीटर सर्वांत जोरात असतो.

वेगळा नियंत्रक

हल्ली तार आणि टोक असलेला आकडे दाखवणारा तापमान नियंत्रक सहज मिळतो. हीटरची पिन त्यात लावायची, त्याचे टोक पाण्यात सोडायचे आणि ठरावीक तापमानाला तो वीज तोडतो. ज्यांची जनक माशांची टाकी मोलाची आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र तो घेतला म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवून ठेवू नये. हीटर २७ अंशांवर आणि नियंत्रक २९ अंशांवर लावावा, म्हणजे एकापुढे एक अशी दोन कुलुपे होतात आणि दोन्ही एकाच रात्री निकामी झाली तरच पाणी तापेल.

या नियंत्रकाचा एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. त्याचे टोक पाण्यातून निसटून बाहेर लोंबले तर त्याला खोलीतली गार हवा लागते आणि पाणी थंड आहे असे समजून तो वीज चालूच ठेवतो. पाणी बदलताना, मूल खेळताना, मांजराने उडी मारल्यावर हे सहज घडते. टोक काचेला रबरी चोखणीने दोन ठिकाणी, पाण्याच्या पातळीखाली निम्म्या उंचीवर, पक्के बसवावे आणि हीटरपासून दूर ठेवावे.

थंडीपूर्वीची बादली-चाचणी

मागील वर्षीचा हीटर थेट टाकीत टाकू नये. काचनळी नीट न्याहाळावी. आत ओल, दवबिंदू किंवा काळपट डाग दिसला, रबरी बूच कडक होऊन भेगाळले असेल किंवा तारेचे वेष्टण ठिसूळ झाले असेल तर तो हीटर फेकून द्यावा. चिकटपट्टी लावून तो वापरण्याचा मोह धरू नये.

बरा दिसणारा हीटर १५ लिटर पाण्याच्या बादलीत उभा बांधून, थर्मामीटर सोडून, थर्मोस्टॅट २६ अंशांवर ठेवून सुरू करावा. बादलीत हवेच्या पंपाची नळीही सोडावी, म्हणजे पाणी ढवळत राहते. १०० वॅटचा हीटर बादलीतील पाणी दर दहा-बारा मिनिटांनी एक अंश चढवतो. दिवा कोणत्या तापमानाला विझतो व कोणत्या तापमानाला पुन्हा लागतो हे लिहून घ्यावे. असे निदान चार वेळा पाहावे. दोन-तीन अंशांचा फरक पडत असेल, दिवा फडफडत असेल किंवा नळीतून सतत बारीक करकर ऐकू येत असेल तर तो हीटर थकलेला आहे. या चाचणीस अर्धा दिवस जातो. तो रविवारी द्यावा. चाचणी चालू असताना बादलीत हात घालू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

थर्मामीटरही पारखून घ्यावेत. घरातले सर्व एकाच बादलीत दहा मिनिटे ठेवावेत, जो इतरांपासून वेगळे बोलतो तो बाजूला काढावा. ज्याच्या पट्टीवर शून्य अंश आहे तो फोडलेल्या बर्फाच्या पाण्यात धरल्यास शून्य दाखवला पाहिजे. काचेला बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी खोलीच्या हवेनेही फसते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

टाकीत बसवताना

हीटर वाळूत पुरू नये, वनस्पतींच्या गर्दीत लपवू नये. हवेच्या पंपाचे बुडबुडे उठतात त्याच्या जवळ तो असावा. पाणी हलत नसेल तर हीटरभोवतीचे पाणी तापून तो लवकर बंद होतो आणि टाकीचे दुसरे टोक गारच राहते.

नळीवर पाण्याची किमान पातळी दाखवणारी रेघ असते. थंडीतील कोरड्या हवेत पाणी भराभर उडते आणि नळीचे डोके उघडे पडते. उघडी नळी भाजून निघते. मग तुम्ही वरून गार पाणी ओतता आणि काच तडकते. पाणी बदलण्यापूर्वी पंधरा मिनिटे हीटर बंद करावा व पाणी भरून झाल्यावर पंधरा मिनिटांनीच चालू करावा. विसरायला होत असेल तर हीटरचा स्वीच आणि पाणी काढायची नळी एकाच खिळ्यापाशी ठेवावी.

किनाऱ्यालगतच्या गावांत, केळवे-माहीम, सातपाटी, चिंचणी या पट्ट्यात, खाऱ्या हवेने पिना व सॉकेट हिरवट होतात. जोड सैल झाला की तेथे ठिणगी पडते. दर महिन्याला मेन स्वीच बंद करून पिना पॉलिश पेपरने घासाव्यात. बोअरचे पाणी जड असेल तर नळीवर पांढरे कीट चढते व ऊब नीट बाहेर पडत नाही. गार झालेली नळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवून कीट काढावे, खरवडू नये.

माणसाचा जीव आधी

नळी तडकली की तारेतली वीज पाण्यात उतरते. मासे अनेकदा काहीच दाखवत नाहीत, कारण त्यांच्यातून वीज जमिनीकडे जात नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून जो पाण्यात हात घालतो त्याला धक्का बसतो, आणि बहुधा ती घरातील बाई किंवा शाळकरी मूल असते.

हीटरच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (अनेक ठिकाणी याला अजून ई.एल.सी.बी. म्हणतात) बसवून घ्यावा. नेहमीचा एम.सी.बी. तार तापल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंग तपासून घ्यावे. तार सॉकेटकडे जाण्यापूर्वी सॉकेटच्या खाली तिला झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, पिनेत जात नाही. सॉकेट टाकीच्या वर असू नये. आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी पिन उपटायची, स्वीच बंद केला एवढ्यावर थांबायचे नाही.

दिवसातून दोनदा पारा पाहावा

सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक तापवलेल्या टाकीचे तापमान वहीत लिहावे. बोईसरच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्यांनी पाळीवर निघताना व परतल्यावर लिहावे. रात्रपाळी असेल तर घरातल्या कोणाला तरी नेमून द्यावे. दोन नोंदींत दोन अंशांहून अधिक फरक आला तर मासे कितीही टुणटुणीत असोत, हीटर काढून बादलीत तपासावा. हीटर बहुधा चिकटण्यापूर्वी काही दिवस अशी चुळबुळ करतो आणि ती वहीतच दिसते.

पारा चढलाच तर

पिन उपटावी. झाकण काढावे, हवेचा पंप पूर्ण सोडावा, दुसरा असेल तर तोही लावावा. बर्फ थेट टाकू नये. टाकीतील दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच खोलीच्या तापमानाचे साठवलेले पाणी सावकाश ओतावे आणि दर पाव तासाने हे करीत राहावे. मासे वर येऊन धापा टाकण्याचे थांबले की घाई सोडावी आणि उरलेले तापमान तासाला एक अंश या बेताने उतरू द्यावे. यासाठी हिवाळाभर एक पिंप पाणी खोलीतच भरून ठेवावे. नळाचे ताजे पाणी क्लोरीनमुळे अशा वेळी माशांना आणखी त्रास देते. त्या दिवशी खाद्य देऊ नये. गाळणीतील उपयोगी जिवाणूही अति उष्णतेने मरतात, म्हणून पुढील आठवडाभर खाद्य निम्मे ठेवावे, एक दिवसाआड थोडे पाणी बदलावे आणि पांढऱ्या ठिपक्यांवर नजर ठेवावी.

गार पडलेली टाकी उलट क्रमाने, तासाला एक अंश अशी वर आणावी. वीज गेली असेल तर कढत पाणी ओतू नये. गरम पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत तरंगत ठेवाव्यात आणि टाकी गोधडीने लपेटावी. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हीटर लावू नये, बॅटरी काही तासांत बसते. चार-पाच वॅटचा हवेचा पंप तेवढा लावावा. काही तास गारवा मासे सोसतात, हवेविना गर्दीची टाकी सोसत नाही.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असे आपल्याकडे म्हणतात. त्यानंतर आठवडाभर पहाटेचे आकडे पाहून हीटर टाकीतून काढावेत. 'असू दे, गरज नसेल तेव्हा तो बंदच असतो' म्हणून अनेक जण उन्हाळ्यातही ते तसेच ठेवतात, आणि मे महिन्यात पाणी आधीच ३० अंशांवर असताना चिकटलेल्या हीटरला फार काही करावे लागत नाही. काढलेली नळी कीट काढून, पुसून, दोन दिवस सावलीत वाळवावी. डोक्याला कापडी पट्टी चिकटवून तीवर खरेदीचे वर्ष आणि बादली-चाचणीत तो कितीला विझला तो आकडा लिहावा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून उंदरांच्या आवाक्याबाहेर, पत्र्याच्या डब्यात ठेवावा. तीन हिवाळे झालेला हीटर प्रजननाच्या टाकीला पुन्हा लावू नये.